अग्गंबाई सासूबाई : एका घरात दोघींची स्वप्ने

आम्हा पाचजणींची बैठक कॅमडेनला एकीच्या फ्लॅटवर भरते. पूर्वी आम्ही अल्बर्ट स्ट्रीटवरच्या ज्यू म्युझियममध्ये भेटत असू, पण ती जागा २०२३ मध्ये बंद झाली. आता गुरुवारी दुपारी ड्रमंड स्ट्रीटवरून फरसाण आणायचे, चहा करायचा आणि टीव्हीसमोर बसायचे. या हिवाळ्यात झी मराठीची 'अग्गंबाई सासूबाई' ही २०१९ ते २०२१ मधली मालिका आम्ही पहिल्या भागापासून पुन्हा पाहिली.

कथा पुष्कळांना ठाऊक असेल. आसावरी कुलकर्णी तरुणपणी विधवा झालेली. घरात करडे सासरे आणि लाडावलेला मुलगा सोहम, म्हणजे तिचा 'बबड्या'. तिचे सारे आयुष्य ओट्यापाशी गेलेले. सून शुभ्रा येते, सासूचे हे जिणे पाहते आणि शेफ अभिजित राजे यांच्याशी तिचे लग्न व्हावे म्हणून साऱ्या घराशी भांडते.

इथे आपल्या वाचकांना शाव्हुओतला वाचली जाणारी रूथची मेगिला आठवेल. तिथे नाओमी आपल्या सुनेला बोआझची वाट दाखवते. स्वतःपुरते मात्र, नवरा करायचे माझे वय गेले, एवढे म्हणून ती गप्प होते. मालिकेने ही गोष्ट उलटी फिरवली. सून सासूसाठी नवरा पाहते. आम्हाला हे फार आवडले. तोरात विधवेच्या लग्नाला बंदी नाही (कोहेन गादोलची गोष्ट वेगळी), तरी कोकणात आपल्या पुष्कळ घरांत शेजाऱ्यांचे पाहून ते कमीपणाचे मानले जाई. आम्हा पाचजणींच्या आज्यांपैकी दोघी तिशीच्या आत विधवा झाल्या आणि उरलेला जन्म दिरांच्या घरी भाकऱ्या थापीत राहिल्या. त्यांना काय हवे होते, हे त्यांना कोणी विचारले नाही. आम्हीही नाही विचारले.

निवेदिता सराफ यांनी आसावरीचे भित्रेपण फार खरे उभे केले आहे. अर्धे वाक्य बोलून थांबायचे आणि उरलेले गिळायचे, ही सवय आम्ही ओळखतो. आजोबा झालेले रवी पटवर्धन मालिका चालू असतानाच डिसेंबर २०२० मध्ये वारले. त्यांचा करडेपणा आणि पोरकटपणा एकाच माणसात शोभत असे.

पुढे मात्र मालिका नको तितकी ताणली आहे. बबड्याची लबाडी आणि आईची माया, पुन्हा लबाडी आणि पुन्हा माया. आमच्यातली एक तर त्या भागांत खुशाल विणकाम करी.

आमचा खरा राग आहे तो पुढच्या मालिकेवर. मार्च २०२१ मध्ये लगेच 'अग्गंबाई सूनबाई' आली. तीत आसावरी धीट झाली आहे, व्यवसाय सांभाळते आहे. उत्तम! पण जिने हे सारे घडवले ती शुभ्रा आता मूल झाल्यावर घरात अडकली आहे, दबलेली आहे. तेजश्री प्रधान जाऊन उमा पेंढारकर आल्या, पण बदल नटीपुरता नाही. घरातले भित्रेपण गेलेच नाही, ते सासूकडून सुनेकडे आले, वडिलोपार्जित पाटल्यांसारखे. एका घरात दोघींची स्वप्ने मावतील, हे लिहिणाऱ्यांना सुचले नाही. एक बाहेर पडली की दुसरीने ओट्यापाशी उभे राहायचेच. तिथे बबड्याने उभे राहावे, हा तोडगा मालिकेला मनापासून कधी पटलेला दिसत नाही.

पण आम्ही तरी कोण? आसावरीच्या लग्नाच्या भागाला आम्ही सगळ्या रडलो. डोळे पुसून झाल्यावर आमच्यातली एक, वय ७१, नवरा जाऊन नऊ वर्षे झालेली, शांतपणे म्हणाली, "हिच्यासाठी रडता. दोन वर्षांपूर्वी मी सांगितले, की एका गृहस्थांनी मला मागणी घातली आहे, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? आधी नातीचे लग्न होऊ दे. मुले काय म्हणतील."

तसे आम्ही म्हणालो होतो खरे. चौघींनीही. नातीचे लग्न अजून व्हायचे आहे.

कोणाला काही बोलता येईना. तिनेच उठून चहा गाळला.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. फोन केला तेव्हा कळले, की ती २४ नंबरच्या बसने हॅम्पस्टेड हीथला फिरायला गेली होती. एकटी नव्हती.