‘शाश्वत’ आणि ‘पुरणे’ : एका अध्ययननिष्पत्तीची शब्दचिकित्सा

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास शाश्वत विकासाचे ज्ञान झाले की नाही, हे कसे पारखावे, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा आहे. परंतु परीक्षा शब्दांतून घेतली जाते आणि उत्तरही शब्दांतूनच येते; तेव्हा त्या शब्दांची चिकित्सा करण्याचा अधिकार भाषाशास्त्रासही पोचतो. प्रस्तुत टिपणात तेवढीच मर्यादित चिकित्सा योजिली आहे.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि २००३ साली त्याच्या अंमलबजावणीविषयी पुन्हा बजावले. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा स्थायी सभासद झाला. त्या कराराशी सुसंगत अशा ज्या बारा निष्पत्ती राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाने पदवीधरांकडून अपेक्षिल्या, त्यांतील सातवी पर्यावरण व शाश्वतता यांविषयीची होती. तिची क्रियापदे दोन : अभियांत्रिकी उपायांचे समाजावर व परिसरावर होणारे परिणाम ‘जाणणे’, आणि शाश्वत विकासाचे ज्ञान व निकड ‘दाखविणे’. अलीकडील सुधारित यादीत ‘विश्लेषण करणे’ व ‘मूल्यमापन करणे’ ही अधिक समर्थ क्रियापदे आली आहेत. ही सुधारणा स्वागतार्हच होय. तथापि, प्रत्येक विषयाचा निष्पत्तीशी असलेला संबंध १, २, ३ अशा अंकांनी तक्त्यात भरण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. आणि ब्रुंटलँड आयोगाची १९८७ ची व्याख्या पाठ म्हणून दाखविली, की त्या तक्त्याचे समाधान होते.

दोष कोठे आहे? आमच्या मते तो पहिल्याने ‘शाश्वत’ या शब्दातच आहे. शाश्वत म्हणजे नित्य, अविनाशी, नश्वराच्या उलट. या विशेषणास तरतमभाव मानवत नाही. मूळ इंग्रजी शब्दातील पेलण्याचा, तगवून धरण्याचा अर्थ या पर्यायात उतरलेला नाही. ‘टिकाऊ’ हा दुसरा पर्याय घ्यावा, तर तो वस्तूचा गुण सांगतो. कापड टिकाऊ असते, जोडे टिकाऊ असतात. दोन्ही विशेषणे आपापल्या नामाला चिकटून स्वस्थ बसतात, ‘कोणासाठी?’ हा प्रश्न ती उपस्थित करीत नाहीत.

मराठीत तो प्रश्न उपस्थित करणारे एक साधे क्रियापद आहे : ‘पुरणे’. ‘तांदूळ पुरतील’ एवढेच म्हटले तर ऐकणारा लगेच विचारतो, किती जणांना आणि कोठवर? या क्रियापदास चतुर्थी लागते आणि कालमर्यादाही लागते. ‘पुरवून वापरणे’ या प्रयोगात तर संयमाचा अर्थही आपोआप येतो.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे एटापल्लीच्या उदाहरणावरून दिसेल. त्या तालुक्यातील सुरजागड येथे २००७ साली ३४८.०९ हेक्टरांचा लोहखनिजाचा खाणपट्टा मंजूर झाला. २०२३ साली वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यात आली. साठा तोच धरला आणि उत्खनन मर्यादेइतके मानले, तर खाणीचे आयुष्य तीन-दशांशावर येते. हा भागाकार कोणताही विद्यार्थी करील. परंतु त्याच डोंगरावर माडिया गोंडांचे ठाकूरदेवाचे स्थान आहे, आणि मोह, तेंदू, बांबू यांवर परिसरातील गावांचे वर्ष निभते. पोलाद कोणाला पुरेल, जंगल कोणाला पुरेनासे होईल आणि खनिज संपल्यावर मागे काय उरेल, हे प्रश्न व्याख्येच्या उत्तरात येत नाहीत. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू किती तोडावा, हे तेथे ग्रामसभा ठरविते. ‘पुरवून वापरण्या’चा हा पाठ अभियंत्याच्या परीक्षेस वर्ज्य का असावा?

यावर आक्षेप असा येईल, की अशा प्रश्नांचे गुणदान वस्तुनिष्ठ होत नाही. हा आक्षेप टाकाऊ नाही. एकाच उत्तराला दोन परीक्षक निरनिराळे गुण देतील, हे खरे. पण निकष ठरविता येतात. चतुर्थीत कोणकोण आले आणि कोण राहून गेले? कालमर्यादा सांगितली काय? गणित मांडले काय? माहिती अपुरी असल्यास तसे कबूल केले काय? खाणीस अनुकूल वा प्रतिकूल मत दिल्याबद्दल गुण नसावेत. हिशेब पूर्ण मांडल्याबद्दल असावेत.

माडिया बोलणाऱ्या घरातून एखादा विद्यार्थी अभियांत्रिकी महाविद्यालयात येतो. जंगल किती दिवस पुरते, हे त्याने घरीच शिकलेले असते. आजची परीक्षा इंग्रजी व्याख्या येत नाही म्हणून त्याला शून्य देईल, आणि ज्याने डोंगर पाहिलाही नाही त्याला पूर्ण गुण देईल. अशा परीक्षेने जे मोजले गेले ते पाठांतर होय. शाश्वततेची समज तिने मोजली, असे म्हणता येत नाही.