तारखांची पंगत

‘आजचा दिनविशेष’ या मथळ्याखालीं जें लेखन शाळेच्या परिपाठांत वाचलें जातें, दैनिकाच्या कोपऱ्यांत छापलें जातें आणि आतां भ्रमणध्वनीवरून भल्या सकाळीं घरोघर येऊन पोंचतें, त्याला वाङ्मय म्हणावयास कोणी धजत नाहीं. आणि तें वाङ्मय नव्हे म्हणून त्यावर टीका करण्याच्या भानगडींतहि कोणी पडत नाहीं. ही उपेक्षा आम्हांस योग्य वाटत नाहीं. एखादी कादंबरी चार जाणतीं माणसें वाचतात आणि तिच्या गुणदोषांची चर्चा मासिकांतून महिनोन्महिने चालते. दिनविशेष मात्र गांवोगांवचीं मुलें रोज उभ्यानें ऐकतात आणि त्याविषयीं कोणी अवाक्षर काढीत नाहीं. शाळा सुटल्यावर पुष्कळ घरांत इतिहास म्हणून जें कांहीं कानांवर पडतें तें एवढेंच. तेव्हां या लेखनप्रकाराची घडण कशी आहे आणि तो ऐकणाऱ्याच्या मनांत इतिहासाची कोणती कल्पना रुजवितो, हें एकदां पाहिलें पाहिजे.

नमुन्यादाखल १७ सप्टेंबर घेऊं. आमच्या परभणी जिल्ह्यांत हा झेंडावंदनाचा दिवस, म्हणून त्या दिवशींचा दिनविशेष इतर दिवसांपेक्षां अधिक लक्ष देऊन ऐकला जातो. त्यांत काय असतें? १७८७ सालीं अमेरिकेच्या राज्यघटनेवर फिलाडेल्फिया येथें सह्या झाल्या. १८७९ सालीं पेरियार रामस्वामी जन्मले. १८८५ सालीं पनवेल येथें प्रबोधनकार ठाकरे जन्मले. १९१५ सालीं चित्रकार हुसेन जन्मले. १९३९ सालीं रशियन फौजा पोलंडांत शिरल्या. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें. १९७८ सालीं ईजिप्त आणि इस्राएल यांच्यांत कॅम्प डेव्हिडचा करार झाला. झालें! एका पंगतींत सगळे बसले, प्रत्येकास एकेक ओळ वाढली, आणि आपला शेजारी कोण, याची विचारपूस करण्याचें कोणास कारण उरलें नाहीं. ज्या घटनेनें आमच्या आजोबांचें नाणें, कचेरीची भाषा आणि सरकार बदललें, तिलाहि ओळ एकच, आणि ज्याच्याशीं आमच्या जिल्ह्याचा सुतराम संबंध नाहीं त्या करारालाहि एकच. समदृष्टि हा साधूचा गुण खरा. इतिहासकाराचा तो नव्हे.

हा प्रकार आपल्याकडे अगदींच परका आहे असें मात्र कोणी समजूं नये. इंग्रजींत रॉबर्ट चेंबर्सनें १८६४ सालीं ‘दिवसांचें पुस्तक’ म्हणून दोन जाडजूड खंड पुरे केले. पण त्यापूर्वीं कितीतरी शतकें आपल्या पंचांगांतून जयंत्या आणि पुण्यतिथ्या नांदत होत्याच. फरक आहे तो हेतूचा. पुण्यतिथि ही माहिती देण्यासाठीं नसून पाळण्यासाठीं असते. आमच्या जिल्ह्यांतील गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट घ्या. शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवांनीं पंढरपुरीं देह ठेविला आणि त्याच दिवशीं त्यांच्या घरच्या सगळ्या परिवारासह जनीनेंहि समाधि घेतली, असें परंपरा सांगते. इतिहासाच्या कसोटीवर ही गोष्ट कशी उतरेल, तो प्रश्न निराळा. पण परंपरेनें हीं माणसें एका तिथीला आणून बसविलीं तीं कां, हें कोणासहि कळतें: ज्यांनीं एका घरांत दळलें-कांडलें आणि एका देवाचें नांव घेतलें, त्यांची तिथि वेगळी असणें त्या भाविक मनाला सोसलें नसतें. आयुष्यें एकत्र होतीं म्हणून तिथि एक झाली. दिनविशेषांत याच्या नेमकें उलट घडतें. तेथें तारीख एक म्हणून आयुष्यें शेजारीं येतात.

बरें, ही तारीख तरी खरोखरच एक असते काय? २३ एप्रिल हा जागतिक ग्रंथदिन. युनेस्कोनें १९९५ सालीं तो ठरविला, आणि शेक्सपिअर व सर्व्हांटीस हे दोघे १६१६ सालीं त्याच दिवशीं निवर्तले असें त्याचें एक कारण सांगण्यांत येतें. आम्हीं इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत उभा जन्म घालविला असल्यामुळें हें वाक्य आमच्या कानांवर दरसाल येतें. वस्तुस्थिति अशी कीं, स्पेनमध्यें त्या वेळीं सुधारलेली कालगणना चालत होती आणि इंग्लंडांत जुनी. ‘२३ एप्रिल’ असें दोन्हीकडे लिहिलें असलें तरी त्या दोन दिवसांमध्यें दहा दिवसांचें अंतर आहे. शिवाय सर्व्हांटीस २२ तारखेसच वारला; २३ ला त्यास पुरलें. इंग्लंडनें जुनी गणना टाकली ती थेट १७५२ सालीं. हाच हिशेब आमच्याहि घरीं लागू पडतो. शिवछत्रपतींचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा, हें जेधे शकावलीवरून पुढें आलें. ती शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं उजेडांत आणली. त्या तिथीची तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० अशी देतों ती जुन्या गणनेची आहे. आज भिंतीवर जी दिनदर्शिका टांगलेली असते तिच्या गणनेनें तो दिवस १ मार्चचा होतो. तिथि कीं तारीख, या वादांत महाराष्ट्रानें पुष्कळ शाई खर्चिली. पण ‘तारीख’ म्हणजे कोणत्या गणनेची, हें फारच थोड्यांनीं विचारलें.

पानिपताचें उदाहरण याहून बोलकें आहे. १४ जानेवारी १७६१ ही तारीख मराठी माणसाच्या जिव्हारीं लागलेली आहे, आणि ‘ऐन संक्रांतीच्या दिवशीं मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ हें वाक्य व्याख्यानांतून टाळ्या घेतें. पण संक्रांत सूर्याच्या निरयन मकरप्रवेशावर अवलंबून असल्यामुळें ती सुमारें सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढें सरकत असते. स्वामी विवेकानंद १८६३ सालीं संक्रांतीच्या दिवशीं जन्मले, ती तारीख १२ जानेवारी होती. त्याच्याहि मागें शंभर वर्षें गेलें म्हणजे १७६१ ची संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधींच होऊन गेलेली होती, असें निघतें. ज्या दिवशीं ती लढाई झाली तो पौष शुद्ध अष्टमीचा बुधवार होता, एवढेंच. पुढें १९९४ सालीं औरंगाबादच्या विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव जोडलें गेलें तें मात्र १४ जानेवारीस, आणि त्या वेळीं संक्रांत खरोखरच १४ तारखेची झालेली होती. १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावापासून सोळा वर्षें या एका नांवापायीं मराठवाड्यांत घरें जळलीं, माणसें मेलीं. दिनविशेष पानिपत आणि नामविस्तार यांस एकाखालीं एक छापतो. वाचणाऱ्या मुलास त्यांतून काय बोध व्हावा, हें छापणारासहि सांगतां येणार नाहीं.

सगळेच तारखांचे योग असे पोकळ असतात असें आमचें म्हणणें नाहीं. कांहीं योग माणसें हेतुपुरस्सर घडवून आणतात, आणि त्यांत अर्थ असतो. १९३० च्या २६ जानेवारीस पूर्ण स्वातंत्र्याची शपथ घेतली गेली म्हणून १९५० सालीं घटनेचा अंमल त्याच तारखेपासून सुरू केला. तिकडे मद्रासेंत पेरियारांपासून फुटून निघालेल्या अनुयायांनीं १९४९ सालीं आपला द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष स्थापिला तो १७ सप्टेंबरलाच, म्हणजे ज्यांना सोडलें त्यांच्याच जन्मदिवशीं. त्या तारखेंत एक अख्खें भांडण आणि एक अख्खी भक्ति सामावली आहे. १९९९ सालीं हिंगोली आमच्या परभणीपासून वेगळी होऊन स्वतंत्र जिल्हा झाली तीहि महाराष्ट्रदिनींच, पण असे मुहूर्त सरकारला आवडतातच, त्यांत फारसें शोधण्यासारखें नाहीं.

तिसरा प्रकार मात्र खरा मोलाचा, आणि आमच्या तक्रारीचें मूळ तेथेंच आहे. निरनिराळ्या सालांतील एकच तारीख हा नुसता आंकड्यांचा खेळ. परंतु एकाच सालांतील एकच दिवस म्हणजे सर्वांच्या डोक्यावरचा एकच सूर्य. ३० जानेवारी म्हटली कीं दिनविशेषांत पहिली ओळ १९४८ सालच्या दिल्लीची असते, आणि ती असावयासच पाहिजे. पण त्याच १९४८ च्या त्याच ३० जानेवारीस शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत उमरी येथील बँक मुक्तिसंग्रामांतील सैनिकांनीं लुटली. त्यांची छावणी सरहद्दीपलीकडे वऱ्हाडांत, उमरखेडास होती. निजामाचा पैसा निजामाविरुद्धच वापरावा, हा हेतु. इकडे तरुण पोरें हातीं शस्त्र घेऊन बँकेवर चालून जातात आणि त्याच दिवसाच्या सायंकाळीं दिल्लींत अहिंसेचा पुरस्कर्ता गोळीला बळी पडतो! त्यांतील कित्येकांनीं सार्वजनिक कामाचा पहिला धडा गांधींच्याच नांवानें गिरविलेला असणार. रात्रीं ती वार्ता छावणींत पोंचली असेल तेव्हां त्यांच्या मनांत काय उलथापालथ झाली असेल? एखाद्या कथालेखकास याहून मोठा विषय मिळावयाचा नाहीं. आमच्या पाहण्यांतील दिनविशेषांत मात्र उमरीची ओळ नाहीं.

आतां १७ सप्टेंबर १९४८ हाच दिवस या दृष्टीनें पाहा. शुक्रवार होता. पंचांगाप्रमाणें भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, शके १८७०. म्हणजे अनंत चतुर्दशी, गणपतिविसर्जनाचा दिवस. फौजा १३ तारखेस संस्थानांत शिरल्या होत्या. १७ ला एका तुकडीनें बीदर गांठलें, दुसरीनें हिंगोली घेतली; हिंगोली तेव्हां आमच्याच परभणी जिल्ह्यांत मोडत होती. लायक अली यांच्या मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि सायंकाळीं निजाम मीर उस्मान अली यांनीं नभोवाणीवरून युद्धबंदी पुकारली. संस्थानाच्या फौजेचे सेनापति एल एद्रूस यांनीं जनरल चौधरी यांच्यापुढें रीतसर शरणागति पत्करली ती दुसऱ्या दिवशीं, १८ ला. म्हणजे मुक्तिदिनाची तारीखहि निवडलेली आहे. शस्त्रें खालीं ठेवण्याच्या विधीची ती नव्हे, भयाची गांठ सुटल्याची आहे. ही निवड योग्यच झाली असें आम्हीं म्हणूं. आणि त्याच शुक्रवारीं तिकडे जेरुसलेममध्यें संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडॉट यांचा खून झाला. हा योग नुसता आंकड्यांचा नव्हे. हैदराबादची तक्रार आदल्याच दिवशीं पॅरिस येथें सुरक्षासमितीपुढें निघाली होती. ज्या संस्थेच्या दारीं निजामाचे वकील उभे होते, त्याच संस्थेचा दूत दुसऱ्या दिवशीं भररस्त्यांत मारला गेला. त्या एका दिवसांत नव्या जागतिक न्यायसभेचें बळ किती होतें आणि किती नव्हतें, तें दिसून येतें. जेरुसलेमची ही ओळ हैदराबादच्या ओळीशेजारीं आली असती तर कॅम्प डेव्हिड गाळूनहि चाललें असतें.

या तारखेची याहून मोठी गंमत पुढेंच आहे. हैदराबाद संस्थानाचे जिल्हे सोळा. आठ तेलंगणांत, पांच मराठवाड्यांत, तीन कर्नाटकांत. १९५६ सालीं ते तीन राज्यांत वांटले गेले, आणि त्यांबरोबर ही तारीखहि वांटली गेली. आमच्याकडे ती मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकानें २०१९ सालीं आपल्या त्या भागास कल्याण कर्नाटक असें नांव दिलें आणि तेथें त्या दिवशीं कल्याण कर्नाटक उत्सव होऊं लागला. तेलंगणाच्या सरकारनें २०२२ सालीं ती राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून पाळली, आणि सरकार पालटल्यावर २०२४ सालीं तिला प्रजापालन दिन म्हटलें. केंद्रसरकारनें २०२४ च्या मार्चांत ‘हैदराबाद मुक्तिदिन’ असें नांव जाहीर केलें. तारीख तीच, घटना तीच, तरी नांवें इतकीं! मुक्ति म्हणावें, एकात्मता म्हणावी, कीं निव्वळ विलीनीकरण, हा शब्दांचा काथ्याकूट नाहीं. मुक्ति म्हटलें म्हणजे कोणापासून, हा प्रश्न येतो. रझाकारांच्या जुलमानें गांव सोडून वऱ्हाडांत पळालेल्या कुटुंबास त्याचें उत्तर तोंडपाठ होतें. एकात्मता म्हटलें म्हणजे तो प्रश्न झांकला जातो, आणि झांकणारांस तेंच हवें असतें. आम्हांपुरतें विचाराल तर मुक्तिसंग्राम हाच शब्द आम्हीं पत्करूं. स्वामी रामानंद तीर्थ ज्या दिवशीं तुरुंगांत गेले तो दिवस १५ ऑगस्ट १९४७ होता. देशभर दिवे लागले असतां ज्यांस आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली, त्यांच्या संग्रामाचें नांव त्या दिवसावरून पुसलें जाऊं नये.

पण जो शब्द आम्हीं पत्करतों त्याची उलट बाजूहि आम्हांसच वाचली पाहिजे. पोलीस ॲक्शनच्या वेळीं आणि त्यानंतरच्या आठवड्यांत, रझाकारांशीं ज्यांचा कांहीं संबंध नव्हता अशा असंख्य मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. पंडित नेहरूंनीं पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें मृतांचा आंकडा, हात राखून, सत्तावीस ते चाळीस हजार धरला. ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानि झाली असें तिनें नोंदविलें, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्याबरोबर आमचा शेजारी नांदेडहि आहे. तो अहवाल पुष्कळ वर्षें सरकारी दप्तरांत पडून राहिला. ज्या वर्गांत १७ सप्टेंबरचा दिनविशेष वाचला जातो त्याच वर्गांत परभणीच्या, पाथरीच्या, जिंतूरच्या कांहीं मुलांच्या घरीं या तारखेची आठवण निराळ्या आवाजांत, किंवा मुळींच आवाज न करतां, सांगितली जात असते. दोन्ही मुलें एकाच बांकावर बसतात. दिनविशेषाचें पान उलटून आम्हीं १८ सप्टेंबर काढली, तेव्हां तेथें एल एद्रूस यांच्या शरणागतीचीहि ओळ नव्हती.