‘आपल्यातलीच ना तू?’

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना ही घटना अभिमानाने सांगायला आवडते. निबंध मात्र फारसा कुणी वाचलेला नसतो. तुम्ही जरूर वाचा, तासाभराचं काम आहे. संशोधनातून वसाहतवादी दृष्टी कशी घालवायची याच्या कार्यशाळा इथल्या विद्यापीठांत सतत चालू असतात; त्यांत मी हा निबंध वाचायला दिलेला कधी पाहिला नाही.

त्याआधीच हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी नाकाची मापं घेऊन जातीची उतरंड ठरवून मोकळा झाला होता. १९०१च्या जनगणनेचा प्रमुख तोच. आंबेडकरांनी भर सेमिनारमध्ये सांगितलं, की युरोपीय अभ्यासकांच्या स्वतःच्याच मनात वर्णाचा पूर्वग्रह मुरलेला, म्हणून त्यांना जातीच्या मुळाशीही रंगच दिसतो. इथवर आपण सगळेच टाळ्या वाजवू.

पण पुढे केतकर येतात. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलमध्ये शिकले, जातींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०९चं. हा आतला माणूस आहे, याला विषय नीट दिसतो, असं आंबेडकर मोकळेपणाने म्हणतात. आणि लगेच त्यांची व्याख्या तपासायला घेतात: जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच मिळणारं सभासदत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणं वेगळी नाहीतच, पहिलं आलं की दुसरं आपोआप येतं. आतला म्हणून सूट नाही.

ही सूट आम्ही आज सर्रास घेतो. शोधनिबंधाच्या सुरुवातीला संशोधकाने आपण कोण हे सांगायची इथे रीत आहे. मीही लिहिलं होतं: गौरेतर, स्थलांतरित, स्त्री. जात लिहिली नाही. विचारलीही कुणी नाही. परीक्षकांच्या लेखी माझा रंग हाच मी ‘आतली’ असल्याचा पुरावा होता. सगळे नेटिव्ह सारखेच, हा साहेबी हिशेब माझ्या सोयीचा होता, म्हणून मी तो खोडला नाही.

मुलाखती मराठी कुटुंबांच्या होत्या. एकीने दुसरीचा नंबर द्यायचा, दुसरीने तिसरीचा. या पद्धतीला ‘स्नोबॉल’ म्हणतात. पण बर्फाचा हा गोळा उतारावरून वाट्टेल तिकडे घरंगळत नाही, ठरलेल्या अंगणांतूनच फिरतो. शेवटी यादी पाहिली तर आडनावं थेट माझ्या आईच्या भिशीतली. “आपल्यातलीच ना तू?” पोह्यांची बशी पुढे करत एका काकूंनी विचारलं, तेव्हा मी मान डोलावली होती. निबंधात त्याचं झालं ‘विश्वासाचं नातं’.

जात टिकते ती लग्नाच्या कुंपणामुळे, आणि त्या कुंपणाची किंमत बाईकडून वसूल होते: सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. आंबेडकरांच्या निबंधाचा गाभा हा आहे. माझ्या प्रश्नावलीत भाषा होती, सण होते, ऑफिसातला वर्णभेदही होता. मुलांच्या लग्नाचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या फेरीत तो घातला. दोघींनी मुलाखत तिथेच आवरती घेतली. त्याच काकूंनी मात्र चहा पुन्हा गरम करायला ठेवला आणि म्हणाल्या, “ते रेकॉर्डिंग बंद कर आधी, मग सांगते.”