बाग आणि बारा महिने

कादंबरीवर टीका होते, नाटकावर होते, गवयाच्या तानेवर होते. इतकेच काय, दिवाळीच्या चार दिवसांत चकलीच्या खुसखुशीतपणावरही घरोघर निर्भीड समीक्षा चालते. बागेवर मात्र टीका करायची आपली रीत नाही. ‘छान आहे हो बाग,’ असे म्हणून आपण बाकावर टेकतो, मुले घसरगुंडीकडे धावतात आणि तो विषय तिथेच संपतो.

वास्तविक बाग हीही कोणीतरी केलेली रचना असते. काय घ्यावे, काय वगळावे, काय पुढे आणावे आणि काय आडोशाला ठेवावे, याचा निर्णय तिच्यामागे असतो. असा निर्णय जिथे आहे तिथे टीकेलाही जागा आहे. मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुलांना मराठी शिकवतो. वनस्पतिशास्त्राचा माझा अभ्यास शालान्त परीक्षेपाशीच थांबला. तेव्हा जाणकाराचा आव न आणता, रचनेचा एक वाचक या नात्याने आजच्या आपल्या बागांविषयी चार शब्द लिहीत आहे.

माझी तक्रार एकच आहे. आपल्या बागांतून ऋतू नाहीसे झाले आहेत.

कोणत्याही नव्या वसाहतीच्या आवारात जाऊन पाहावे. मधोमध हिरवळीचा चौकोन, त्याच्या कडेने कातरलेल्या पिवळसर ड्युरांटाची ओळ, प्रवेशद्वारापाशी फुगीर बुंध्याचे चार पाम आणि भिंतीलगत शिपायांसारखे उभे केलेले आशुपालव. हे दृश्य चैत्रात पाहा, आषाढात पाहा, नाहीतर ऐन मार्गशीर्षात पाहा. फरक पडत नाही, आणि फरक पडू नये म्हणूनच माळ्याला पगार मिळतो. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आटोपतो. उरलेले आठ महिने ही हिरवळ नळीच्या पाण्यावर जगते. ज्या कादंबरीत पहिल्या पानावरचा नायक शेवटच्या पानावर जसाच्या तसा निघतो, तिला आपण फसलेली कादंबरी म्हणतो. बागेला मात्र त्याच गुणासाठी बक्षीस देतो.

त्या आशुपालवाचेच पाहा. पुष्कळ लोक त्याला अशोक म्हणतात आणि सीतामाई ज्याच्या सावलीत बसल्या तो वृक्ष आपल्या दारी आहे, असे पाहुण्यांना सांगतात. पण त्या बाणासारख्या सरळ झाडाखाली बसायचे ठरवले तर सावली मिळण्यासाठी माणसाने पेन्सिलीएवढे बारीक व्हायला हवे! सीतेचा अशोक वेगळा. तो डेरेदार असतो, थंडी सरता सरता त्याला नारिंगी फुलांचे गुच्छ येतात आणि दिवसागणिक ते लाल होत जातात. आशुपालव हा मूळचा दक्षिण भारतातला आणि श्रीलंकेतला. त्याच्यावर माझा राग नाही. हिरव्या ठिपक्यांच्या एका चपळ फुलपाखराचे सुरवंट त्याचीच पाने खाऊन वाढतात. पण तो लावला जातो तो जागा कमी व्यापतो आणि शेजाऱ्याची भिंत लवकर झाकतो म्हणून. वर नाव मात्र दुसऱ्याचे घेऊन मिरवतो.

मग बागेला कसोटी कोणती लावावी? कालिदासाने ‘ऋतुसंहारा’ची सुरुवात ग्रीष्माने केली आणि शेवट वसंताने. तापलेली धरणी आधी दाखवल्यावाचून पुढच्या बहराला अर्थ येत नाही, हे त्याने जाणले असावे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. आपल्या मराठी महिन्यांच्या चालीने निसर्ग पाहायचा, ही त्या पुस्तकाची रीत. बागेकडेही मला त्याच रीतीने पाहावेसे वाटते. डोळे बांधून एखाद्याला बागेत आणून सोडले, तर नुसत्या वासावरून, पायाखालच्या पानांवरून, पाखरांच्या आवाजावरून त्याला महिना सांगता आला पाहिजे. ज्या बागेत तो सांगता येतो, ती बाग जमली.

आणि हे अवघड नाही. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि सावर पाने टाकून फुलतात, आणि मैना-बुलबुलांचा त्यांच्यावर दिवसभर बाजार भरतो. चैत्र-वैशाखात मोगरा येतो, बहाव्याला पिवळी झुंबरे लागतात आणि आपल्या राज्याचे फूल म्हणून मान मिळालेले ताम्हण जांभळे होते. श्रावणात जाई-जुई असतात आणि पारिजातकाचा सडा पडू लागतो. भाद्रपदात तेरडा. आश्विनापासून थंडीपर्यंत कोरांटी, आणि तिच्या मागोमाग कुंद. यांतले एकेक जरी लावले तरी वर्ष हातात सापडते. लहान आवारात वडा-पिंपळाला जागा नसते हे खरे. पण पारिजातक, कुंद आणि कोरांटी यांना ती सहज होते.

अशा बागेची निगा महिन्यांप्रमाणे बदलते, आणि आजच्या माळीकामातली खरी उणीव मला इथेच दिसते. माघात पाने गळू लागली की खराटा आणि काडेपेटी बाहेर निघते. पानगळ म्हणजे कचरा, अशी आपण समजूत करून घेतली आहे. तीच पाने झाडाच्या आळ्यात चार बोटे पसरून ठेवली, तर वैशाखात मातीतला ओलावा टिकतो आणि पावसाळ्यात त्यांचेच खत होते. मोगऱ्याची छाटणी थंडी सरताना करावी. पारिजातकाची मात्र बहर संपल्यावर करावी. आधी केली तर फुलांचीच छाटणी होते. नवी झाडे लावायची असतील तर वैशाखातच दोन-दोन फुटांचे खड्डे खणून माती उन्हात तापू द्यावी आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. पळसाचे मूळ सरळ खोल जाते, म्हणून त्याचे रोप इकडून तिकडे हलवण्यापेक्षा चपट्या शेंगेतले ताजे बी पावसाच्या तोंडावर जागच्या जागी पेरलेले बरे. बहाव्याच्या बियांचे कवच टणक असते; त्यांना गरम पाण्याचा चटका दिल्यावर त्या लवकर रुजतात. आणि देशी झाडाला पाणी लागत नाही, हा समज सोडून द्यावा. पहिले दोन उन्हाळे त्यालाही आपला हात लागतो. मग मात्र ते आपल्या पायांवर उभे राहते.

जुन्या घरांची बाग कोणी कागदावर आखलेली नसे, तरी तिच्यात आखणी होती. अंगणात तुळस, पारिजातक खिडकीशी, केळ विहिरीपाशी, न्हाणीघराच्या सांडपाण्यावर अळू, कुंपणाला अडुळसा आणि स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता. जिथे पाणी जात होते तिथे तहानलेले झाड होते, आणि जिथे हात रोज पोचत होता तिथे रोजचे झाड होते. आजच्या रचनाकाराने एवढे ध्यानात घेतले तरी पुष्कळ. सदनिकेच्या सज्जातही मोगरा, अबोली, तुळस, कढीपत्ता कुंडीत सुखाने राहतात. कढीपत्त्यावर पाखराच्या विष्ठेसारखे काही चिकटलेले दिसले तर लगेच औषध फवारू नये. बहुधा तो फुलपाखराचा सुरवंट असतो. काही दिवसांत तो हिरवा होईल, कोश करील, आणि मुलांना पाठ्यपुस्तकातला एक धडा घरात बसून पाहायला मिळेल.

आता एक विरुद्ध बाजू. अलीकडे ‘देशी’ हा शब्द जोरात आहे. परदेशी ते सारे उपटा, असे सांगणारे उत्साही लोक भेटतात. त्यांना मी दसऱ्याच्या तोरणाकडे बोट दाखवतो. झेंडू मेक्सिकोचा आहे. देवाला वाहतो ती सदाफुली आणि मे महिन्यातला आपला गुलमोहर, ही दोन्ही मादागास्करची. देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिका खंडातला आणि शेवंती चीनकडची. ही मंडळी पाहुणी म्हणून आली आणि घरातली झाली. गुलमोहराला तर ऋतूचे भान एखाद्या अस्सल गाववाल्यासारखे आहे. घाणेरीने मात्र रानेच्या राने बळकावली, म्हणून तिच्याविषयी सावध राहिले पाहिजे. पाहुण्याची जात विचारण्यापेक्षा त्याची वागणूक पाहावी.

शिवाय देशी म्हणजे कोणत्या देशीचे? मराठीत ‘देश’ म्हणजे घाटमाथ्यावरचा मुलूख आणि खाली कोकण, हा भेद आपण पूर्वीपासून करीत आलो. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेकडे माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. कोकणातली सुरंगी माणात नेऊन लावली तर ती केवळ भारतीय आहे म्हणून जगणार नाही. माळरानावर जाऊन सरसकट झाडे लावणाऱ्यांनाही हेच सांगायला हवे. माळाचे देशीपण त्याच्या गवतात असते, आणि माळढोकाला ते गवतच हवे असते. सातवीणही देशीच, ‘ऋतुसंहारा’तल्या शरदात फुलणारा सप्तपर्ण तो हाच, पण शहरातल्या रस्त्याला तिची ओळच्या ओळ लावली की ऐन दिवाळीच्या सुमारास त्या उग्र वासाने माणसे हैराण होतात. दोष झाडाचा नाही, प्रमाणाचा आहे.

गंमत अशी की ऋतू पाहायला आपण पैसे देऊन जातो. त्याच सातारा जिल्ह्यातले कास पठार उन्हाळ्यात पाहिले तर काळा-तांबडा कातळ आणि वर मातीचा पातळ थर, एवढेच दिसते. भाद्रपदात काही आठवडे तिथे तेरडा, गेंद, सीतेची आसवे फुलतात आणि गाड्यांची रांग लागते. पठार उरलेले वर्षभर उघडे राहते, म्हणूनच त्या काही आठवड्यांचे मोल. ते पाहून परतलेला गृहस्थ मात्र घरच्या आवारात एक पिवळे पान दिसले की माळ्याला बोलावतो.

वाचकांना वाटेल, बागेच्या गोष्टीसाठी मास्तरांनी एवढे का तापावे. त्याचे कारण माझ्या विषयात आहे. झाड गेले की काही वर्षांनी त्याचा शब्द पोकळ होतो. बकुळीचा वास मी वर्गात कितीही शब्दांनी सांगितला तरी ज्याने ते फूल ओंजळीत घेतले नाही त्याच्यापुढे तो शब्द कोरडाच राहतो. गणपतीच्या पूजेला एकवीस पत्री लागतात. आघाडा, माका, शमी, डोरली, मरवा, हादगा ही नावे आजीला पानासकट ठाऊक होती. आज बाजारात जुडी मिळते आणि तिच्यात काय आहे ते विकणाराही सांगत नाही, घेणाराही विचारत नाही. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाची पाने वाटली जातात. पूजा यथासांग होते, ओळख तेवढी बुडते.

आमच्या शाळेच्या आवारात एक जुनी सावर आहे. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत तिचा कापूस वर्गात उडत येतो आणि उत्तरपत्रिकेवर बसतो; मुले फुंकर मारतात, पर्यवेक्षक डोळे वटारतात. आवार सुशोभित करायची एक योजना पुढे आली आहे. नकाशात सावरीच्या जागी हिरवळ आहे आणि झाडासमोर ‘कचरा करणारे’ असा शेरा आहे. निर्णय दिवाळीच्या सुट्टीनंतर व्हायचा आहे. मी सभेत बोलणार आहे आणि पानगळीचे, पाण्याचे, पाखरांचे जे मुद्दे वर मांडले तेच तिथे मांडणार आहे. मते किती मिळतील ते सांगता येत नाही. पण नववीच्या मुलांनी आपण होऊन एक वही केली आहे. सावरीवर कोणत्या महिन्यात काय दिसले, याची नोंद ते गेल्या आषाढापासून ठेवीत आहेत. त्या वहीत अजून कार्तिक ते ज्येष्ठ हे महिने कोरे आहेत. ते भरून व्हावेत, एवढीच माझी मागणी आहे.