नाम आणि क्रियापद : मराठी साहित्यातील उपजीविकेचा प्रश्न

मराठी समीक्षेत 'अनुभवविश्व' ही संज्ञा रूढ झाली आणि लेखक कोणत्या थरातला, त्याच्या घरात पोटापाण्यासाठी काय चालत होते, या गोष्टींना समीक्षालेखात हक्काची जागा मिळाली. ती मिळणे आवश्यकच होते. मात्र त्यामुळे माणसे उपजीविकेसाठी जे करतात ते साहित्यकृतीच्या आत कोणत्या रूपाने येते, हा प्रश्न सुटल्यासारखा वाटू लागला. लेखक कैकाडी आहे, गिरणी कामगार आहे, कुणबी आहे असे नोंदवले की व्यवसायाविषयी बोलून झाले असे समजले जाते. वस्तुतः अशा नोंदीत एका नामाने अनेक क्रियापदांची जागा घेतलेली असते. 'कुंभार' हे नाम आहे; माती मळणे, चाक फिरवणे, आवा लावणे ही क्रियापदे आहेत. नाम माणसाला जन्माबरोबर मिळते आणि काम सुटले तरी सुटत नाही. क्रियापद रोज नव्याने करावे लागते. साहित्यकृतीत या दोहोंचे नाते कसे बांधले जाते, हे तपासल्याशिवाय व्यवसायाच्या चित्रणाविषयी काही सांगता येईल असे वाटत नाही.

संतकाव्याचे उदाहरण यासाठी नेहमी पुढे केले जाते. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी ही नावे ओळीने घेऊन वारकरी परंपरेने श्रमाला प्रतिष्ठा दिली, असा निष्कर्ष काढण्यात येतो. तो चुकीचा नाही, पण ढोबळ आहे. सेना न्हाव्याच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात विवेक हा आरसा होतो आणि वैराग्य हा चिमटा. न्हाव्याची हत्यारे येथे अध्यात्माच्या सेवेला लागतात, आणि ज्या क्षणी ती लागतात त्याच क्षणी समोर बसलेले गिऱ्हाईक नाहीसे होते. रूपक जितके नेटके, तितके काम अदृश्य. जनाबाईच्या अभंगांत याच्या उलट घडते. विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो, कांडू लागतो, तेव्हा दळण हे कशाचे तरी प्रतीक म्हणून येत नाही. जात्यात खरेच धान्य आहे आणि ते पहाटेपूर्वी संपवायचे आहे. देवाला हात लावावा लागतो तो कामाला. ही कल्पना भाबडी म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो. पण तिच्यात काम काम म्हणूनच शिल्लक राहते, हे वाङ्मयीन दृष्ट्या लक्षणीय आहे. दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जनाबाईच्या कामाला नामच नाही. सोनार, माळी, न्हावी या ओळीत बसेल असा शब्द दळणाऱ्या-कांडणाऱ्या बाईसाठी भाषेने घडवलेला नाही. आहे तो 'दासी', आणि तो व्यवसाय सांगत नाही, मालकी सांगतो. स्त्रीच्या वाट्याला नामाविना नुसती क्रियापदे आली. जात्यावरच्या ओवीचा घाट अशाच एका क्रियापदातून, खुंट्याच्या फेऱ्यातून निघाला, आणि पिठाची गिरणी गावोगाव पोहोचल्यावर तो विरत गेला.

नामांची व्यवस्थित यादी मराठीत गद्याने दिली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात कुणब्याभोवती उभी असलेली कारू-नारूंची रचना, त्यांचे हक्क, त्यांची बलुती यांचे तपशील ज्या बारकाईने येतात त्याला तोड नाही. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. कोण किती काम करतो आणि त्याबदली खळ्यावरून किती नेतो, हा हिशेबनिसाचा प्रश्न त्यांच्या गद्याला धार देतो. ही व्यवस्था कालबाह्य झाली असून तिचा भार कुणब्यावर पडतो, असे त्यांचे मत होते. म्हणजे हा ग्रंथ स्मरणरंजनात्मक नाही. तरीही त्याची मांडणी नामांनुसार होते आणि पाहण्याची जागा खळ्याच्या मालकाची राहते. बलुते नेणाऱ्याला ते कसे दिसत होते, हे मराठी गद्यात सविस्तर यायला आणखी सहा दशके जावी लागली.

मधल्या काळातली एक वैचारिक घटना येथे नोंदवणे भाग आहे. 'अनाइहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले की, जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि ही विभागणी एकावर एक पायऱ्या रचणारी आहे. त्याआधी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले होते. कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा यायला मात्र १९५८ साल उजाडले. वतन हा शब्द मराठीत अभिमानाने उच्चारला जातो. महार वतनाच्या बाबतीत त्याचा अर्थ, काम ठरलेले नाही, वेळ ठरलेली नाही, मोबदला ठरलेला नाही, ठरलेला आहे तो फक्त करणारा, असा होता. क्रियापदे अमर्याद आणि नाम एकच.

दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाकडे या दृष्टीने पाहिले तर त्याच्या निवेदनतंत्राचा वेगळा अन्वयार्थ लागतो. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या लेखकाला सांगतो, ही योजना बहुतेक समीक्षकांनी आत्मपरीक्षणाची किंवा अलिप्ततेची युक्ती म्हणून वाचली. ती तशी आहेच. पण या दोघांमधली भेग मुख्यतः व्यवसायाची आहे. एकाच माणसाने नोकरी मिळवली, खुर्ची मिळवली, लेखक म्हणून नाव मिळवले. क्रियापद पूर्णपणे बदलले. नाम मात्र बदलले नाही, आणि ते घर शोधताना, कचेरीत, मित्रांच्या बैठकीत पुन्हा पुन्हा समोर येत राहिले. दगडू हे त्या न बदललेल्या नामाचे नाव आहे. गावातली महारकीची कामे, मुंबईतल्या कावाखान्यातील हमाली, गोदीतले वडील, चिंध्या-कागद वेचणाऱ्या बाया, हे सारे पवार एका विशिष्ट पद्धतीने सांगतात. तपशील भरघोस आहेत, पण कोणत्याही कामाचे कौतुक नाही. हातातल्या कसबाविषयी जो जिव्हाळा ग्रामीण कथेत सहज आढळतो, त्याचा येथे पूर्ण अभाव आहे. याला निवेदनातील कोरडेपणा म्हणणे हा वाचनातला दोष ठरेल. जे काम जन्माने अंगावर पडते त्याच्या कौशल्याची स्तुती करणे म्हणजे त्या पडण्याला संमती देणे, हे निवेदकाला पक्के ठाऊक आहे. श्रमप्रतिष्ठा या मूल्याविषयी मराठी साहित्यविचार नेहमी एकमुखाने बोलत आला. 'बलुतं'ने हे मूल्य कोणासाठी आहे, असा प्रश्न शैलीच्या पातळीवर विचारला.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) ही भूमिका थोडी सैल होते. फोक आणून टोपल्या विणण्याच्या, बिऱ्हाड गाढवांवर लादून पुढच्या गावी जाण्याच्या वर्णनांत विणणाऱ्या बोटांचे भान आहे. तरी पुस्तकाची गती विणण्याकडून दूर, शाळेच्या दिशेने आहे.

लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने (१९८७) मात्र उपजीविकेच्या साऱ्या चर्चेलाच अडचणीत आणले. इंग्रज सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलिसांच्या नजरेतून तो गेला नाही. म्हणजे गावगाड्याने जे बलुतेदारांना केले तेच येथे आधुनिक राज्यसंस्थेने केले: एक नाम दिले आणि त्यातून बाहेर पडण्याचे रस्ते बंद केले. गायकवाडांच्या लेखनाचे वैशिष्ट्य असे की, ते चोरीला पाप किंवा बंड म्हणून रंगवत नाहीत. ती कामधंद्याच्या भाषेत येते. निरनिराळ्या प्रकारांना स्वतंत्र नावे आहेत, लहान मुलांना तयार करावे लागते, मार सहन करण्याची सवय लावावी लागते, बाजाराचे दिवस पाहावे लागतात, मिळकतीची वाटणी असते आणि तीत पोलिसांचाही वाटा निघतो. वाचकाची पंचाईत येथे होते. सुताराच्या कामाचे असे तपशील आले असते तर त्याने त्यांना जिवंत चित्रण म्हटले असते. येथे तेच तपशील वाचताना तो सहानुभूती आणि अस्वस्थता यांच्यामध्ये कोठेतरी थांबतो. पुढे निवेदक लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो, तेव्हा ज्या कामगार-जीवनाला साठोत्तरी साहित्याने शोषणाची परिसीमा मानले, ते त्याला नामाच्या विळख्यातून सुटण्याची वाट म्हणून दिसते. तिथेही नाम त्याचा पाठलाग सोडत नाही, हे वेगळे. शोषणाचे दोन प्रकार एका आयुष्यात असे एकमेकांशेजारी ठेवणारी संहिता मराठीत विरळाच. तिच्यावरील चर्चा बहुतांशी सामाजिक दस्तऐवज या सदराखाली झाली, ही समीक्षेची उणीव होय.

नारायण सुर्वे यांच्या कवितेचा विचार यानंतर करावा, कारण तिच्यातील आत्मविश्वास 'बलुतं'च्या उलट टोकाचा आहे. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) पासून कामगार हे नाम सुर्व्यांनी जन्माने मिळालेल्या नामाच्या जागी जाणीवपूर्वक निवडले. निवडलेले नाम असल्यामुळे त्याचा अभिमान बाळगता येतो. तरी त्यांच्या कवितेत प्रत्यक्ष यंत्रावरचे काम अपेक्षेपेक्षा कमीच येते. येतो तो बोलणारा कामगार. मात्र 'मास्तर तुमचंच नाव लिवा' या कवितेत दोन उपजीविका समोरासमोर उभ्या राहतात. शरीरविक्रय करणारी आई मुलाला शाळेत घालायला आली आहे आणि हजेरीपटात बापाचे नाव लिहिणे हे मास्तरांचे काम आहे. स्वतः सुर्व्यांनी शाळेत शिपाई म्हणून आणि पुढे शिक्षक म्हणून नोकरी केली होती. एका रकान्यापाशी तिचा धंदा आणि त्याची नोकरी परस्परांना अडवतात, आणि कविता त्या रिकाम्या रकान्यातून निघते. येथे व्यवसाय ही पार्श्वभूमी नाही, तोच नाट्याचा घाट आहे.

समीक्षेने स्वतः काय केले, याकडे आता वळावे लागते. दलित साहित्य, ग्रामीण साहित्य, कामगार साहित्य, भटक्या-विमुक्तांचे साहित्य अशी जी दालने उघडली गेली, ती चळवळींची गरज होती आणि त्यांतून मोठे लेखन बाहेर आले. परंतु विद्यापीठीय अभ्यासक्रमांत त्यांचे रूप बलुतेदारांच्या यादीसारखे झाले. प्रत्येकाचे काम ठरलेले आणि त्याचा वाटाही ठरलेला, एखादी प्रश्नपत्रिका किंवा एखादे चर्चासत्र. ज्या साहित्याला विशेषण लागत नाही ते तेवढे 'साहित्य' राहिले. कारकून, शिक्षक, संपादक, प्राध्यापक यांच्याविषयीच्या लेखनाला 'पांढरपेशा साहित्य' असे म्हटले जाते ते टीकेपुरते. अभ्यासक्रमात तसे दालन नाही. गंमत अशी की, या लेखनात काम सर्वांत कमी दिसते. मध्यमवर्गीय कादंबरीतला नायक कचेरीत जातो आणि कचेरीतून येतो. मधले आठ तास कादंबरीकार सोडून देतो.

याला सणसणीत अपवाद भालचंद्र नेमाडे यांचा. 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) यांतील चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक गावोगावच्या महाविद्यालयांत नोकऱ्या करत फिरतो, आणि तासिका, परीक्षा, संस्थाचालक, सहकाऱ्यांची कारस्थाने यांनी कादंबरी भरून जाते. बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी जाण्याची ही लय भटक्यांच्या आत्मकथनांशी जुळते, अर्थात पगाराच्या फरकाने. या कादंबऱ्यांवर सर्वाधिक लिहिले ते प्राध्यापकांनीच, आणि त्यांच्या लेखनात देशीयता, अस्तित्ववाद, महाकाव्यात्मता हे शब्द वारंवार आले. आपल्याच नोकरीचे इतके तपशीलवार चित्रण समोर असताना नोकरी या शब्दावर फारसे कोणी थांबले नाही.

नाम उरते आणि क्रियापद निघून जाते, या अवस्थेचे नाटक जयंत पवार यांनी 'अधांतर'मध्ये (१९९७) लिहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईतील सुमारे २.५ लाख गिरणी कामगार उतरले होते. तो संप रीतसर मागे न घेताच विरून गेला. नाटक चाळीतल्या एका खोलीत घडते. रंगमंचावर गिरणी नाही, यंत्र नाही, भोंगा नाही. एका मुलाला लेखक व्हायचे आहे, एक क्रिकेटमध्ये गुंतलेला आहे, एक गुंडांच्या टोळीकडे ओढला गेला आहे. यांपैकी कोणीही साच्यावर उभा राहिलेला नाही, तरी सारे घर गिरणी कामगाराचेच आहे. आई तेवढी पूर्वीसारखीच राबते आहे. तिच्या कामाला आधीही नाव नव्हते, म्हणून ते बंद पडण्याचा प्रश्न आला नाही.