नोकरी, सवड आणि ‘अल्हाम्रा’

वॉशिंग्टन अर्व्हिंग १८२६ मध्ये माद्रिदला आला तो अमेरिकी वकिलातीशी संलग्न होऊन. नाव्हारेतेने प्रसिद्ध केलेल्या कोलंबसविषयक कागदपत्रांचा अनुवाद हे त्याचे नियोजित काम. त्याने अनुवादाऐवजी चरित्रच (१८२८) लिहिले. ‘अल्हाम्रा’ (१८३२) मात्र केवळ स्वप्नरंजन म्हणून वाचले जाते. हे वाचन अपुरे आहे. १८२९ च्या सेव्हिल-ग्रानादा प्रवासातील त्याचा सोबती रशियन वकिलातीतला. कर्तव्यापायी तो लवकरच निघून जातो. पुढे लंडनच्या वकिलातीतील नेमणुकीमुळे अर्व्हिंगचाही राजवाड्यातील मुक्काम संपतो. ग्रंथाच्या दोन्ही टोकांना कचेरी उभी आहे. मधली रमणीयता ही उसनी सवड होय.

खरा प्रश्न पुढेच आहे. या सवडीला कथा पुरवतो तो मातेओ हिमेनेस, अल्हाम्राच्या आवारातच वाढलेला फाटका वाटाड्या. बोआब्दिलच्या दालनांत अर्व्हिंग रिकामपण उपभोगतो, तेव्हा मातेओ पोट भरत असतो. त्याच्या बडबडीची थट्टा होते (ती प्रेमळ आहे, हे मान्य), पण अनेक दंतकथांचे ऋण अर्व्हिंग लपवत नाही. मौखिक कथनाचा कर्ता कोण, हा प्रश्न ‘अल्हाम्रा’पुरता येथूनच सोडवावा लागेल. मातेओ पुढे अल्हाम्राचा मान्यताप्राप्त वाटाड्या झाला, जुना तपकिरी झगा त्याला पुन्हा घालावा लागला नाही, ही नोंदही अर्व्हिंगचीच.