कानाने शिकलेलं लिनक्स
हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्स जगासाठी खुलं केलं. आता त्यावरची पॉडकास्टं आमच्या खामगावात मेथी निवडतानाही ऐकता येतात. त्यांतला उत्साह अगदी अस्सल! त्याच्या जोरावर माळ्यावरचा जुना संगणक पुन्हा टेबलावर येतो. पण ही मंडळी कमांडही तोंडीच सांगतात, तिथे पंचाईत. रेडिओवरून आमटी शिकता येते. 'चवीपुरतं मीठ' म्हटलं की भागतं. कमांडमध्ये चवीपुरती मोकळी जागा चालत नाही. पुसायच्या कमांडमध्ये ती भलतीकडे पडली, की एका फाईलऐवजी लग्नाच्या फोटोंसकट अख्खा संसार साफ! पॉडकास्ट म्हणजे कीर्तन. गोडी लावावी ती त्यानेच. पाठाला मात्र पोथी समोर हवी. तेव्हा बुवा, निरूपण तुमचं चालू द्या, कमांड तेवढी लिहून द्या.